संगणकातील दप्तराचे स्थलांतर
क्लाउडशी जोडलेला फोल्डर एका ड्राइव्हवरून दुसऱ्या ड्राइव्हवर नेण्याची रीत

व्यापाऱ्याचे भांडवल दोन ठिकाणी असते. एक गल्ल्यात व गोदामात, दुसरे दप्तरात. पहिल्यास धक्का बसला तर तोटा होतो, परंतु तो किती झाला हे निदान सांगता येते. दप्तर नाहीसे झाले तर कोणाकडून किती येणे, कोणास किती देणे, कोणत्या मालावर किती कर भरला, यांपैकी कशाचाच पुरावा हाती उरत नाही. याच जाणिवेने आपल्या वाडवडिलांनी वहीस मान दिला, दिवाळीस तिचे पूजन केले आणि जुन्या वह्या बासनात बांधून माळ्यावर जपून ठेवल्या. आज बहुतेक पेढ्यांवर वहीची जागा संगणकाने घेतली आहे. साधन बदलले, दप्तर जपण्याचे कर्तव्य मात्र तिळमात्र बदललेले नाही.

कायद्यानेही हे कर्तव्य स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची पुस्तके व नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. उदाहरणार्थ, सन २०२३-२४ च्या वार्षिक विवरणपत्राची अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२४ ही होती. तेव्हा त्या वर्षाचे दप्तर ३१ डिसेंबर २०३० पर्यंत सांभाळणे प्राप्त आहे. अपील अथवा चौकशी चालू असल्यास ही मुदत आणखी लांबू शकते. जीएसटी नियमावलीतील नियम ५७ असे सांगतो की, नोंदी संगणकावर ठेवल्या असतील तर त्यांची सुरक्षित प्रत अशा रीतीने ठेवावी की, अपघाताने वा नैसर्गिक कारणाने मूळ नोंदी नष्ट झाल्या तरी त्या वाजवी काळात पुन्हा उभ्या करता याव्यात.

नैसर्गिक कारण म्हणजे काय, हे दमणगंगेच्या काठी राहणाऱ्यांस समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. ऑगस्ट २००४ मधील या नदीचा महापूर आपल्या परिसरातील जुन्या मंडळींच्या स्मरणात आहे. कोकणात २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. अशा प्रसंगी दप्तराची एक प्रत गावाबाहेर, दूरच्या स्थळी असेल तर पेढी पुन्हा उभी राहू शकते. या हेतूने अनेक सभासदांनी वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह अथवा ड्रॉपबॉक्स यांसारख्या क्लाउड सेवांशी आपल्या संगणकातील एक फोल्डर जोडून घेतला आहे. ही गोष्ट स्तुत्य होय.

परंतु वर्षा-दोन वर्षांत एक अडचण उभी राहते. बिलांच्या व ई-वे बिलांच्या प्रती, मालाची छायाचित्रे, बँकेचे उतारे यांनी तो फोल्डर फुगत जातो आणि संगणकाचा मुख्य, म्हणजे सी ड्राइव्ह भरून जातो. शेजारचा डी ड्राइव्ह मात्र जवळजवळ रिकामा असतो. तेव्हा फोल्डर उचलून तिकडे ठेवावा, असे सहजच मनात येते. हे काम वाटते तितके सोपे नाही, आणि रीत समजली तर वाटते तितके कठीणही नाही. ती रीत क्रमाने सांगावी, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

१. जोडलेला फोल्डर म्हणजे काय?

समजा, एका व्यापाऱ्याची पेढी सिल्वासा येथे आहे व गोदाम नरोलीस आहे. दोन्ही ठिकाणी एकाच खात्याची वही ठेवलेली आहे. एक अत्यंत प्रामाणिक व चपळ गुमास्ता सतत दोहोंमध्ये ये-जा करतो. पेढीवरील वहीत एक ओळ वाढली की तो नरोलीच्या वहीत ती ओळ लिहितो. तिकडे एक आकडा सुधारला की इकडचाही सुधारतो. आणि पेढीवर कोणी एक पान फाडले, तर नरोलीस जाऊन तेच पान तो तितक्याच तत्परतेने फाडून टाकतो. पान का फाडले, हे तो विचारीत नाही. दोन वह्या सारख्या राखणे एवढीच त्यास आज्ञा आहे.

क्लाउड सेवेचे सॉफ्टवेअर म्हणजे हाच गुमास्ता होय. या जुळवणीच्या कामास संगणकाच्या भाषेत सिंक असे म्हणतात. आपण जोडलेल्या फोल्डरातून एखादा आतील फोल्डर, समजा ‘खरेदी बिले २०२२-२३’, उचलून बाहेर डी ड्राइव्हवर ठेवला, तर आपल्या दृष्टीने तो सुरक्षित जागी गेला. गुमास्त्याच्या दृष्टीने मात्र ते पान फाडले गेले. तो क्लाउडमधून ती बिले काढून टाकतो, आणि त्याच खात्याशी जोडलेल्या गोदामातील, घरातील व मुलाच्या लॅपटॉपवरील प्रतीही नाहीशा होतात. याउलट संपूर्ण मुख्य फोल्डरच उचलून दुसरीकडे नेला, तर वनड्राइव्हचे सॉफ्टवेअर आपला फोल्डर मूळ जागी सापडत नाही अशी तक्रार करून काम थांबविते. पहिल्या प्रकारात बिले जातात. दुसऱ्यात जुळवणी बंद पडते, आणि ती बंद पडल्याचे कित्येक दिवस कोणाच्या लक्षातही येत नाही.

२. स्थलांतराचे मूळ तत्त्व

आपल्या पेढ्यांवर नवी वही घालण्याची जी रीत आहे, तीच येथे लागू पडते. वर्षाअखेर जुन्या वहीतील सर्व नोंदी पुऱ्या होतात; कीर्द व खतावणी जुळते; बाकी काढली जाते; ती नव्या वहीच्या पहिल्या पानावर ओढली जाते; आणि दोन्ही बाक्या एकमेकींशी पडताळल्यावरच जुनी वही बासनात बांधली जाते. मधली नोंद अर्धवट असताना कोणी वही बदलीत नाही. बाकी जुळण्यापूर्वी कोणी जुनी वही रद्दीत घालीत नाही.

आपल्याच प्रदेशाने याचे एक मोठे उदाहरण पाहिले आहे. दिनांक २६ जानेवारी २०२० रोजी दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव हे दोन केंद्रशासित प्रदेश एक झाले. तोवर दमण व दीव येथील व्यापाऱ्यांचा जीएसटी क्रमांक २५ या अंकांनी सुरू होत असे व आपला २६ ने. विलीनीकरणानंतर सर्वांसाठी २६ हाच अंक ठरला. परंतु हा बदल एका रात्रीत केला गेला नाही. शासनाने संक्रमणाचा काळ ठरवून दिला, त्या काळासाठी खास कार्यपद्धती घालून दिली, आणि जुन्या क्रमांकावर जमा असलेला करपरतावा नव्या क्रमांकावर वर्ग करण्याची मुभा दिली. जुने खाते पुरे करणे, शिल्लक पुढे नेणे आणि मग नव्या खात्यावर व्यवहार चालविणे, हा क्रम तेथेही पाळला गेला.

फोल्डरच्या स्थलांतरातही हेच तत्त्व ध्यानात धरावे: आधी जुळणी, मग जोडणी सोडणे, मग हलविणे, मग पुन्हा जोडणे, आणि शेवटी पुन्हा जुळणी. हा क्रम मोडला नाही तर एक कागदही गहाळ होण्याचे कारण नाही.

३. स्थलांतर खरोखर आवश्यक आहे काय?

हलविण्यापूर्वी एक सोपा उपाय करून पाहावा. वनड्राइव्हमध्ये प्रत्येक फायलीपुढे एक खूण असते. नुसता ढग दिसला तर ती फाइल केवळ क्लाउडमध्ये आहे. संगणकावर तिचे नाव आहे, परंतु देह नाही. पांढऱ्या वर्तुळातील हिरवी खूण म्हणजे ती संगणकावर उतरलेली आहे. भरीव हिरव्या वर्तुळातील पांढरी खूण म्हणजे ती संगणकावर कायम ठेवण्याची आज्ञा आपण दिलेली आहे. जुन्या वर्षांच्या फोल्डरवर माउसचे उजवे बटण दाबून ‘फ्री अप स्पेस’ हा पर्याय निवडला, तर त्या फायली क्लाउडमध्ये राहून संगणकावरील जागा मोकळी होते. तेवढ्याने भागत असेल तर स्थलांतराची यातायात करू नये. मात्र पेढीवर इंटरनेट वारंवार बंद पडत असेल, अथवा जुनी बिले वरचेवर उघडावी लागत असतील, तर सर्व फायली संगणकावर असणे बरे. आणि मग दुसऱ्या ड्राइव्हची निवड करावी लागते.

४. नवी जागा कशी निवडावी?

पहिली गोष्ट, जागा कायमची असावी. संगणकाच्या आत बसविलेली डिस्क सर्वांत उत्तम. पेन ड्राइव्हवर जोडलेला फोल्डर कदापि ठेवू नये, कारण तो काढला की गुमास्त्यास वहीच दिसेनाशी होते. कार्यालयातील जाळ्यावरून दिसणारा दुसऱ्या संगणकाचा ड्राइव्ह वनड्राइव्हला चालत नाही.

दुसरी गोष्ट, ड्राइव्हची आखणी. विंडोज संगणकावर वनड्राइव्हसाठी ड्राइव्ह एनटीएफएस या पद्धतीने आखलेला असावा लागतो. ड्राइव्हवर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ पाहिल्यास ही माहिती ‘फाइल सिस्टीम’ या ओळीत मिळते. तेथे दुसरे नाव आढळल्यास जाणकाराकडून आखणी बदलून घ्यावी. आखणी बदलताना त्या ड्राइव्हवरील सर्व मजकूर पुसला जातो, हे विसरू नये.

तिसरी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. सी आणि डी ही दोन अक्षरे दिसतात म्हणून संगणकात दोन डिस्क असतातच असे नाही. एकाच खोलीत मधे पडदा लावून दोन भाग करावेत, तसे एकाच डिस्कचे दोन भाग केलेले असतात. अशा डी ड्राइव्हवर फोल्डर नेल्याने सी ड्राइव्हवर जागा मोकळी होईल. परंतु डिस्क बिघडली तर दोन्ही भाग एकदमच जातील. विंडोजमधील ‘डिस्क मॅनेजमेंट’ या पानावर डिस्क किती व भाग किती हे स्पष्ट दिसते. ते एकदा पाहून घ्यावे.

५. पूर्वतयारी

स्थलांतराचे काम विवरणपत्राच्या अंतिम तारखेच्या आधी कधीही काढू नये. पेढी बंद असेल असा दिवस निवडावा आणि पुढील गोष्टी क्रमाने कराव्यात.

(अ) त्या खात्याशी जोडलेल्या सर्व ठिकाणचे काम थांबवावे. एक्सेल, टॅली व इतर सर्व कार्यक्रम बंद करावेत.

(आ) जुळवणी पूर्ण झाली आहे याची खात्री करावी. सेवेच्या खुणेवर टिचकी मारल्यास फायली अद्ययावत असल्याचा निरोप दिसावा. एखादी फाइल अडकली असेल तर आधी तिचा निकाल लावावा. वर न चढलेली फाइल ही कीर्दीत न लिहिलेल्या रोख रकमेसारखी असते. ती पुढच्या बाकीत येत नाही.

(इ) ज्या ईमेलने व पासवर्डने खाते उघडले ते हाती आहेत ना, आणि खात्रीचा अंक ज्या मोबाइलवर येतो तो मोबाइल आपल्याच जवळ आहे ना, हे पाहावे. कित्येक पेढ्यांवर खाते एखाद्या नोकराच्या नावाने वा मोबाइलवर उघडलेले असते आणि तो काम सोडून गेलेला असतो. जोडणी सुटल्यावर पुन्हा प्रवेश करताना ही गोष्ट उघड झाली, तर स्वतःच्याच दप्तराच्या दारात उभे राहण्याची पाळी येते.

(ई) मुख्य फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये फायलींची संख्या, फोल्डरांची संख्या व एकूण आकार दाखविलेला असतो. ते तिन्ही आकडे तारीख घालून कागदावर लिहून ठेवावेत. ही आपली आरंभीची बाकी.

(उ) महत्त्वाच्या फोल्डरांची एक स्वतंत्र प्रत बाहेरील हार्ड डिस्कवर काढून ती डिस्क संगणकापासून अलग करून ठेवावी. नुसता ढग दिसणाऱ्या फायलींचा देह संगणकावर नसतो. त्यांची प्रत हवी असेल तर आधी ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ हा पर्याय निवडून त्या उतरवून घ्याव्यात.

(ऊ) संगणकाचा डेस्कटॉप व ‘डॉक्युमेंट्स’ हे फोल्डर वनड्राइव्हकडे संरक्षणासाठी सोपविलेले असतील, तर वनड्राइव्हच्या सेटिंग्जमधील ‘मॅनेज बॅकअप’ या पानावरून ते संरक्षण तात्पुरते थांबवावे. असे केल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसला तरी घाबरू नये. त्या फायली वनड्राइव्हच्या फोल्डरात असतात. स्थलांतर झाल्यावर संरक्षण पुन्हा चालू करावे.

६. वनड्राइव्हची रीत

पडद्याच्या खालच्या पट्टीत उजवीकडे ढगाची खूण असते. तिच्यावर टिचकी मारून सेटिंग्ज उघडावे, ‘अकाउंट’ या भागात जावे आणि ‘अनलिंक धिस पीसी’ हा पर्याय निवडावा. अनलिंक म्हणजे जोडणी सोडणे. याने क्लाउडमधील काहीही पुसले जात नाही. संगणकावर उतरलेल्या फायली जागच्या जागी राहतात. केवळ क्लाउडमध्ये असलेल्यांची नावे तेवढी संगणकावरून दिसेनाशी होतात, आणि पुन्हा जोडल्यावर परत दिसू लागतात. गुमास्ता रजेवर गेला, एवढाच याचा अर्थ.

आता वनड्राइव्हचा संपूर्ण फोल्डर, त्याचे नाव न बदलता, नव्या ड्राइव्हवर न्यावा. येथे ‘कट’ करण्याऐवजी ‘कॉपी’ करणे शहाणपणाचे. मधेच वीज गेली तरी मूळ प्रत अबाधित राहते. प्रत पूर्ण झाल्यावर जुन्या फोल्डरला ‘जुने, येथे लिहू नये’ असे नाव द्यावे.

त्यानंतर वनड्राइव्ह पुन्हा सुरू करून प्रवेश करावा. फोल्डरची जागा दाखविणारे पान येईल. बहुतेक जण घाईने ‘नेक्स्ट’ दाबतात आणि सर्व श्रम वाया जातात, कारण फोल्डर पुन्हा सी ड्राइव्हवरच तयार होतो. त्या पानावर ‘चेंज लोकेशन’ निवडून नव्या ड्राइव्हवरील जागा दाखवावी. या नावाचा फोल्डर तेथे आधीच आहे, तोच वापरावा काय, असे विचारले जाईल; त्यास होकार द्यावा. पुढे जाण्यापूर्वी पडद्यावर दिसणारा पत्ता अक्षरशः वाचावा. त्यात वनड्राइव्ह हे नाव दोनदा आले असेल तर फोल्डराच्या आत दुसरा फोल्डर तयार होणार आहे असे समजून मागे जावे व त्याबाहेरची जागा निवडावी.

यानंतर गुमास्ता दोन्ही वह्या ओळीने ताडून पाहू लागतो. फायली हजारो असतील तर यास काही तास लागू शकतात. तोवर संगणक बंद करू नये. फोल्डर आधी हलविण्याचा लाभ येथे दिसतो. १२० जीबीचा फोल्डर ५० एमबीपीएस वेगाच्या इंटरनेटवरून नव्याने उतरवावयाचा तर तो वेग अखंड मिळाला तरी ५ तास २० मिनिटे लागतील. तोच सेकंदास १०० एमबी या गतीने एका डिस्कवरून दुसरीवर नेण्यास सुमारे २० मिनिटे पुरतात. बारीक फायली पुष्कळ असल्यास थोडा अधिक वेळ लागतो, इतकेच.

७. ड्रॉपबॉक्स व गूगल ड्राइव्ह

ड्रॉपबॉक्सची रीत सर्वांत सोपी. त्याच्या ‘प्रेफरन्सेस’मधील ‘सिंक’ या भागात फोल्डरची जागा दाखविलेली असते व तेथेच ती बदलण्याची सोय आहे. नवी जागा दाखविली की ते सॉफ्टवेअर फोल्डर स्वतःच हलविते. अर्थात येथे फोल्डर आपल्या हाताने उचलून नेऊ नये.

गूगल ड्राइव्हच्या दोन पद्धती आहेत. ‘मिरर’ पद्धतीत सर्व फायली संगणकावरील एका फोल्डरात असतात, आणि त्याची जागा सेटिंग्जमधून बदलता येते. ‘स्ट्रीम’ पद्धतीत संगणकावर एक निराळाच ड्राइव्ह, बहुधा जी या अक्षराचा, दिसतो. तो खरा ड्राइव्ह नसून देखावा असतो. फायली क्लाउडमध्ये असतात आणि वापरातील फायलींच्या तात्पुरत्या प्रती सी ड्राइव्हवरील एका आडबाजूच्या फोल्डरात साठतात. सी ड्राइव्ह भरतो तो या प्रतींनी. सेटिंग्जच्या अंतर्भागात ‘लोकल कॅश्ड फाइल्स डिरेक्टरी’ या नावाने त्या फोल्डराची जागा दिलेली असते. ती तेथूनच बदलावी.

त्या आडबाजूच्या फोल्डरास हाताने का स्पर्श करू नये, याचा धडा नोव्हेंबर २०२३ मध्ये जगभरातील काही लोकांस मिळाला. गूगल ड्राइव्हच्या संगणकावरील सॉफ्टवेअरच्या ८४ व्या आवृत्तीत दोष निघाला आणि काही वापरकर्त्यांच्या वर न चढलेल्या फायली दिसेनाशा झाल्या. त्या वेळी गूगलने सूचना दिली की, खात्याची जोडणी तोडू नका आणि तो अंतर्गत फोल्डर पुसू अथवा हलवू नका. पुढील महिन्यात फायली परत मिळविण्याचे साधन कंपनीने दिले. ज्यांनी गडबडीत तो फोल्डर साफ केला नव्हता, त्यांच्या फायली परत मिळण्याची आशा शिल्लक होती. अडचणीच्या वेळी पहिला नियम हाच: ज्यात आपला माल असू शकेल असे काहीही पुसू नये.

८. टॅलीविषयी विशेष सूचना

टॅलीचा चालू हिशेब जोडलेल्या फोल्डरात ठेवण्याची सवय काही पेढ्यांवर दिसते. ती सोडावी. टॅली उघडी असताना तिच्या फायली क्षणोक्षणी बदलत असतात. मुनीम नोंद करीत असताना गुमास्त्याने तीच वही हातातून ओढून नक्कल करावी, तसा हा प्रकार होतो. दोन संगणकांवर एकाच वेळी नोंदी झाल्या तर एकाच वहीच्या दोन परस्परविरोधी प्रती तयार होतात, आणि कधी हिशेबाची फाइलच बिघडते.

योग्य रीत अशी की, टॅलीचा चालू हिशेब संगणकाच्या साध्या फोल्डरात ठेवावा. रोज संध्याकाळी टॅलीप्राइममधील ‘डेटा’ या भागातून ‘बॅकअप’ काढावा आणि ती बॅकअपची फाइल तेवढी जोडलेल्या फोल्डरात ठेवावी. तीन-चार महिन्यांतून एकदा ती फाइल दुसऱ्या संगणकावर ‘रिस्टोअर’ करून पाहावी. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, तिच्यावर विसंबणे म्हणजे न मोजलेल्या थैलीवर रक्कम लिहिण्यासारखे आहे.

कंपनी म्हणून नोंदलेल्या सभासदांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. हिशेबाची पुस्तके संगणकावर ठेवणाऱ्या कंपन्यांनी त्यांची प्रत भारतात असलेल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवली पाहिजे, असा नियम ऑगस्ट २०२२ पासून आहे. आणि पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात. आपण घेतलेली क्लाउड सेवा ही अट पूर्ण करते काय, हे आपल्या सनदी लेखापालांस विचारून घ्यावे.

९. शेवटची जुळणी

स्थलांतर झाले म्हणजे काम संपले, असे नव्हे. आधी लिहून ठेवलेले तीन आकडे काढावेत आणि नव्या फोल्डरच्या आकड्यांशी ताडावेत. फायलींच्या संख्येत फरक आढळल्यास कोणता आतील फोल्डर कमी भरतो, हे एकेक करून पाहावे. त्यानंतर सर्वांत जुन्या वर्षाची एक, मधल्या वर्षाची एक व कालची एक, अशा तीन फायली उघडून वाचाव्यात. मग ‘चाचणी’ नावाची एक लहानशी फाइल नव्या फोल्डरात तयार करून ती गोदामातील संगणकावर व ब्राउझरमध्ये दिसते की नाही हे पाहावे. ती दिसली तर गुमास्ता कामावर रुजू झाला असे समजावे.

डेस्कटॉपवरील जुन्या वाटा सी ड्राइव्हकडे नेतात. त्या काढून नव्या कराव्यात. एक्सेलमध्ये एका फायलीतून दुसरीचा आकडा घेतलेला असेल, तर तो पत्ताही सुधारून घ्यावा. नाही तर जुनेच आकडे नव्या तक्त्यात येत राहतील. जुना फोल्डर निदान एक महिना, म्हणजे नव्या जागेवरून एक विवरणपत्र सुखरूप भरले जाईपर्यंत, तसाच ठेवावा. मगच तो पुसावा.

आणि एवढे करूनही एखादा फोल्डर नाहीसा झालाच, तर सर्वप्रथम सर्व संगणकांवरील जुळवणी थांबवावी आणि ब्राउझरमधून खात्याची कचराटोपली उघडावी. वैयक्तिक वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह व ड्रॉपबॉक्सची साधी योजना यांत पुसलेली फाइल ३० दिवस मिळू शकते. कार्यालयीन वनड्राइव्हमध्ये ही मुदत सामान्यतः ९३ दिवसांची आहे. येथे दिवस मोजलेले असतात, म्हणून आज-उद्या करू नये.

१०. समारोप

एक गोष्ट अखेरीस पुन्हा सांगणे अवश्य आहे. जुळवणी म्हणजे संरक्षित प्रत नव्हे. गुमास्ता चूकही तितक्याच इमानाने दुसऱ्या वहीत उतरवितो. खंडणीसाठी फायलींना कुलूप घालणारा विषाणू एका संगणकात शिरला, तर कुलूपबंद फायलीच क्लाउडमध्ये जाऊन बसतात. म्हणून जाणकारांनी सांगितलेला साधा हिशेब पाळावा: दप्तराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक पेढीबाहेर असावी. संगणकातील मूळ प्रत ही पहिली, क्लाउडमधील दुसरी, आणि आठवड्यातून एकदा काढून घरच्या कपाटात ठेवलेली बाहेरील हार्ड डिस्क ही तिसरी. त्या डिस्कवर तारीख लिहावी आणि काम नसताना ती संगणकास जोडून ठेवू नये.

आपल्या घरांतील मुले-मुली संगणकाची ही कामे लीलया करतात. त्यांना वहीची शिस्त ठाऊक नसते, आणि वडीलधाऱ्यांना फोल्डरची रीत. स्थलांतराच्या दिवशी दोघांनी शेजारी बसावे. एकाने बटण दाबावे व दुसऱ्याने आकडा ताडावा. ज्या पेढीवर बाकी जुळल्याशिवाय वही बदलत नाही, त्या पेढीचे दप्तर कोणत्याही ड्राइव्हवर सुरक्षित राहील.